आधी पाण्याची वाट, मग चेंडूची

सोलापुरात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: गोल्फ कोर्स आर्किटेक्ट नेमकं काय करतो, त्याचं आयुष्य कसं असतं, डिझाइनचा विचार तो कुठून सुरू करतो, आणि आपल्यासारख्या कोरडवाहू भागातल्या मुलीने या वाटेला जावं का? मी गेली तीसेक वर्षं हे काम करतो आहे. कामं देशभर झाली, घर मात्र सोलापुरातच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. जरूर जावं. या कामाचं पहिलं शिक्षण मला कुठल्या कॉलेजात मिळालं नाही, ते मोहोळ-मंगळवेढ्याच्या शिवारात मिळालं. वडील मृदसंधारण खात्यात सर्व्हेअर होते. १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर जी बांधबंदिस्ती झाली, तिथे त्यांचा हात बसला आणि पुढची पंचवीस वर्षं त्यांनी तेच केलं. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, धरायला जायचो. ते डंपी लेव्हलला, म्हणजे उंचसखल मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावून उभे आणि मी दोनशे फुटांवर उन्हात पट्टी सरळ धरून. ‘हलू नको’ एवढंच ऐकू यायचं.

पण लेव्हल लावायच्या आधी ते एक काम करत. सगळं रान एकदा पायी फिरून येत. बांधाला काडीकचरा कुठे अडकलाय, गाळाची बारीक रेघ कुठे वळलीये, हरळी कुठे दाट आहे, कुठल्या खोलगटात माती इतर जागेपेक्षा काळी दिसते. हे सगळं बघून झालं की म्हणत, ‘आता यंत्र लाव. आपण बघितलंय ते खरं की खोटं, एवढंच ते सांगणार.’ पुढे मी एका ज्येष्ठ आर्किटेक्टच्या हाताखाली लागलो. पहिल्याच साइटवर ते नकाशा उघडून बसले होते आणि मी सवयीने ओघळी बघत फिरत होतो. संध्याकाळी त्यांनी विचारलं, आठव्या होलचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, इथे बसेल का? मी म्हटलं, ‘नाही सर, वरच्या चौदा-पंधरा एकरांचं पाणी इथून जातं.’ त्या दिवसापासून प्रत्येक नव्या जागेवर त्यांनी मला आधी पाठवलं.

माझ्या डिझाइनमागचा विचार म्हणाल तर तो इथून सुरू होतो. पाणी आणि खेळाडू दोघंही उताराने जातात, सोपी वाट शोधतात. दोघांनाही वाट द्यावी लागते. पाण्याची वाट चुकली तर गवत मरतं, खेळाडूची वाट चुकली तर खेळ मरतो. बाकीचं बरंचसं या दोन गोष्टी एकाच जमिनीवर एकमेकींना न अडवता कशा बसवायच्या, याचं आहे.

आता काम काय असतं ते थोडक्यात. अठरा होलच्या कोर्सला साधारण ५० ते ७५ हेक्टर जागा लागते आणि खेळाची एकूण लांबी सहा-साडेसहा किलोमीटर भरते. प्रत्येक होल म्हणजे टी, जिथून पहिला फटका मारायचा. फेअरवे, म्हणजे मधली कापलेली हिरवळ. आणि शेवटी ग्रीन, जिथे सव्वाचार इंच व्यासाचं भोक असतं. आर्किटेक्टचं पहिलं आणि सगळ्यांत अवघड काम म्हणजे राउटिंग. हे अठरा होल त्या जमिनीवर कुठून कुठे न्यायचे? सकाळी सुरुवातीचे होल पूर्वेकडे तोंड करून ठेवले तर खेळणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य, संध्याकाळी शेवटचे पश्चिमेकडे ठेवले तरी तेच. एका ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंत फार चालायला लागू नये. लागोपाठचे होल एकाच दिशेने गेले तर वारा एकाच बाजूने लागतो आणि खेळ कंटाळवाणा होतो. त्यात ओढा, विहीर, विजेची लाइन, जुनं चिंचेचं झाड, मालकाला विकायचे प्लॉट. हे सगळं सांभाळून मी एका जागेचे दहा-बारा राउटिंग काढतो. त्यातला एक लागतो, आणि तोही साइटवर बदलतो.

राउटिंगनंतर भरावा-खोदाई, ड्रेनेज, सिंचन, गवत, बंकर (मुद्दाम ठेवलेले वाळूचे खड्डे) यांचे नकाशे येतात. मग साइटवर काही महिने यंत्रांबरोबर उभं राहायचं. नकाशा पास झाला की काम संपलं, असं समजणारे या धंद्यात टिकत नाहीत.

हा खेळ जिथे रुजला त्या जागेची गोष्ट सोलापूरच्या माणसाला पटकन समजेल. स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांची पट्टी असते, तिला लिंक्स म्हणतात. नांगर चालत नाही, पीक येत नाही, बारीक गवत तेवढं येतं. म्हणून ती जमीन मेंढरांना सोडलेली. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स अशाच जमिनीवर आहे आणि तो कुणा एका माणसाने आखलेला नाही. मेंढरं चरायची म्हणून गवत आखूड राहायचं. वाऱ्यापासून आडोसा म्हणून ती ज्या खोबणीत दाटीवाटीने बसायची तिथलं गवत जाऊन वाळू उघडी पडायची, आणि त्यातून बंकर झाले, असं सांगतात. लोक त्यातूनच खेळत राहिले आणि पायवाट पडावी तसा कोर्स पडला. १७६४ मध्ये तिथले २२ होल १८ केले गेले, आणि जगभर अठराचा आकडा पुढे तिथूनच गेला. आमच्याकडे माळावर धनगराचं खांड बसून उठलं की मागे तशीच घासलेली, लेंड्या पडलेली, आखूड गवताची जागा राहते. ती मी लहानपणापासून पाहिली होती. ओल्ड कोर्सचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा मला ती जागा परकी वाटलीच नाही.

ओल्ड कोर्सची एक गंमत अशी की तो पहिल्या भेटीत आवडत नाही. बॉबी जोन्स हा अमेरिकेचा महान खेळाडू १९२१ मध्ये तिथे ओपन, म्हणजे ब्रिटनमधली मोठी स्पर्धा, खेळायला गेला. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि वैतागून त्याने फेरीच सोडून दिली. १९२७ मध्ये त्याच कोर्सवर त्याने ओपन जिंकली आणि जन्मभर त्या जागेवर जीव टाकला. मधल्या सहा वर्षांत त्याला तिथे प्रत्येक फटक्याला एकापेक्षा जास्त वाटा दिसायला लागल्या होत्या.

याच जोन्सने पुढे अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल हा कोर्स आखताना ज्याला बरोबर घेतलं, त्या ॲलिस्टर मॅकेन्झीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्यावर सगळ्यांत मोठा परिणाम त्याचा आहे. जन्म १८७० चा, यॉर्कशरमधला. शिक्षणाने डॉक्टर. बोअर युद्धात सर्जन म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेला आणि तिथे त्याने बघितलं की मूठभर बोअर शेतकरी जमिनीच्या नैसर्गिक चढउतारांत असे लपतात की मोठ्या फौजेला ते दिसतच नाहीत. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्यासाठी हेच छलावरणाचं काम केलं. हीच नजर त्याने कोर्समध्ये आणली. माणसाने केलेला चढ आणि देवाने केलेला चढ यांत फरक कळता कामा नये. बंकर लांबून ग्रीनला चिकटलेला दिसावा आणि जवळ गेल्यावर कळावं की मध्ये पंधरा पावलं मोकळी आहेत. ऑस्ट्रेलियातला रॉयल मेलबर्न, कॅलिफोर्नियातला सायप्रस पॉइंट, ऑगस्टा ही त्याची कामं. १९३४ च्या जानेवारीत तो गेला. ऑगस्टावरची पहिली मास्टर्स स्पर्धा त्याच वर्षी मार्चमध्ये झाली, ती त्याला बघायला मिळाली नाही.

१९२० मध्ये त्याने कोर्स कसा असावा याची तेरा तत्त्वं मांडली होती. त्यातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे: नवख्या, कमी ताकदीच्या खेळाडूलाही फेरी आनंदाने पूर्ण करता आली पाहिजे, आणि त्याच वेळी कसलेल्या खेळाडूला डोकं लावावं लागलं पाहिजे. चेंडू शोधण्यात वेळ जाऊ नये. अवघड जागेला वळसा घालून जायची सोपी वाट असलीच पाहिजे, फक्त तिची थोडी किंमत मोजावी लागावी. ऑगस्टा सुरू झालं तेव्हा तिथे अवघे २२ बंकर होते. आज आमच्याकडे नऊ होलच्या कोर्सला चाळीस बंकर मागणारे मालक भेटतात.

हे तत्त्व मी मुलांना कबड्डीवरून समजावतो. बोनस रेषा असते ना? चढाईपटूने ती ओलांडलीच पाहिजे असं नाही. तिच्या अलीकडची निदान रेषा ओलांडून, हात लावायचा प्रयत्न करून तो सुखरूप परत येऊ शकतो. पण गुण जास्त हवा असेल तर आत घुसायचं आणि पकडले जायचा धोका पत्करायचा. रेषा कुणाला अडवत नाही, ती फक्त विचारते. चांगला होल असाच असतो. समजा उजव्या अंगाने तिरका ओढा गेलाय. ओढ्याच्या कडेला चेंडू टाकला तर पुढे ग्रीन समोर उघडं दिसतं. भीती वाटली तर डावीकडे भरपूर जागा आहे, खुशाल मारा. पण तिथून ग्रीनवर जायला एक बंकर ओलांडावा लागेल. त्या साठ मीटर रुंद फेअरवेवर सत्तर वर्षांचे आजोबाही खेळतील आणि राष्ट्रीय स्पर्धेतला मुलगाही, दोघांचा खेळ वेगळा असेल. याउलट दोन्ही बाजूंनी झाडी, मध्ये पंचवीस मीटरची गल्ली आणि समोर तळं. असा होल अवघड असतो पण त्यात विचार करायला काही नसतं. तशा होलांचे फोटो चांगले येतात.

अर्थात प्रत्येक मोठा आर्किटेक्ट असाच वागला असं नाही. पीट डाय आधी विमा विकायचा. १९६३ मध्ये स्कॉटलंड बघून आला आणि त्याचं सगळं काम बदललं. फ्लोरिडातल्या सॉग्रासची दलदलीची जागा, तिथे भराव्याला वाळू हवी म्हणून सतराव्या होलच्या आसपास खणत गेले आणि शेवटी मोठा खड्डा उरला. त्याची बायको ॲलिस म्हणाली, पाणी भरू दे आणि मध्ये ग्रीन ठेव. जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध बेटावरचं ग्रीन असं भराव्याच्या हिशेबातून जन्माला आलं. मला तो होल खेळ म्हणून फारसा पटत नाही, तिथे दुसरी वाटच नाही. पण खणलेल्या मातीचा आणि उरलेल्या खड्ड्याचा विचार एकत्र करायचा, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. सोलापूरकरांना ते नवं नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खणवलं असं आपण मानतो, आणि आज त्यांचं मंदिर पाण्यातच उभं आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यांत जुना. तिथली जमीन सपाट आणि सखल. ठिकठिकाणची तळी पाणीही घेतात आणि खेळही घडवतात. ॲलिस डायचं नाव तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या कोर्स आर्किटेक्टांच्या संस्थेची ती पहिली स्त्री सभासद, १९८३ मध्ये, आणि १९९७ मध्ये पहिली स्त्री अध्यक्ष. बायकांसाठी पुढे वेगळी टी असावी, तीही नीट विचार करून, असा आग्रह तिने आयुष्यभर धरला.

आता ग्रीनकडे येतो. इथे मी माझी एक चूक सांगणार आहे, कारण काळ्या मातीत काम करणाऱ्याला ती उपयोगी पडेल.

ग्रीन म्हणजे वरून दिसणारी हिरवी गादी नव्हे. ते एक यंत्र आहे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली, आणि थोड्याफार सुधारणांसह आजही जगभर तीच वापरतात. तळाला आडवे छिद्रांचे पाइप, त्यावर १० सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर ३० सेंटिमीटर चाळलेल्या वाळूचं मिश्रण. गंमत खडी आणि वाळूच्या सांध्यावर आहे. बारीक वाळूतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत लगेच उतरत नाही, सांध्यावर थबकतं आणि मुळांना मिळतं. पाऊस जास्त झाला, वजन वाढलं, की जादा पाणी झपकन खाली जातं. शेतकऱ्याला मी हे एका शब्दात सांगतो: हे वाफसा धरून ठेवायचं यंत्र आहे. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी जमीन ना चिखल ना कोरडी अशी होते, तीच अवस्था बाराही महिने.

माझं स्वतंत्र असं पहिलं नऊ होलचं काम खोल काळ्या रानात होतं. मालकाला पावसाच्या आत ग्रीन उरकायची होती. सातव्या ग्रीनचा खड्डा आम्ही एप्रिलमध्ये घेतला. माती तापून कडक झालेली, भेगांत हात जाईल अशी. तळ दगडासारखा वाटत होता. मुरूम येईपर्यंत खोल जायचं किंवा निदान मुरमाचा जाड थर देऊन तो दाबून घ्यायचा, हे मला माहीत होतं. वेळ वाचवायला मी ते केलं नाही, खडी सरळ काळ्या मातीवर अंथरली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. निर्णय माझा होता.

सप्टेंबरमध्ये परतीचा पाऊस लागला. काळी माती पाणी पिऊन फुगली, पण सगळीकडे सारखी नाही. पाइपला मध्येच पोट पडलं. ग्रीनच्या डाव्या तिसऱ्या भागात पाणी मुरायचं थांबलं. गवत आधी निळसर, मग पिवळं. मी नळीने एक नमुना काढला. वरून दोन बोटांवर काळा पट्टा, आणि वास नासक्या अंड्याचा. हवा न मिळालेल्या वाळूत तो थर बसतो. वडील तेव्हा निवृत्त झाले होते, मी त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी पहार मागितली, कडेला उभी मारली, ओढून काढली, टोकाला चिकटलेली माती बोटांत चुरली आणि विचारलं, ‘ह्याला वाफसा येणार कुठनं?’ बाकी काही बोलले नाहीत. ते ग्रीन आम्ही पूर्ण उखडलं. सव्वा मीटर खाली मुरूम लागला. तिथून परत वर आलो. तेव्हापासून काळ्या मातीत माझा नियम ठरला: मुरूम दिसेपर्यंत खणायचं, आणि पाइप टाकल्यावर खडी घालायच्या आधी वरच्या टोकाला बादलीने पाणी ओतून खालच्या तोंडाशी स्वतः बसायचं. बादलीभर ओतलं की जवळजवळ बादलीभर आलं पाहिजे.

साइटवरची माणसं या कामात फार मोठी असतात. माझ्याबरोबर अक्कलकोटकडचे एक पोकलेनवाले मामा बरीच वर्षं होते. आयुष्यभर विहिरी आणि शेततळी काढलेला माणूस, बोलण्यात निम्मं कानडी. गोल्फ त्यांनी कधी खेळला नाही. मी वाळूत पायाने रेघ ओढून दाखवायचो, ते बकेटच्या पाठीने असा उतार फिरवायचे की लेव्हल लावून बघायची गरज पडू नये. ग्रीनवर जिथे भोक ठेवायचं तिथला उतार एक ते तीन टक्क्यांत हवा. त्याहून जास्त झाला तर हल्लीच्या आखूड गवतावर चेंडू थांबत नाही. एकदा मी एक उंचवटा फारच सुंदर काढला होता. मामा खाली उतरले, थोडं लांब जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘साहेब, दिसतंय झ्याक. पण पाणी समदं हिकडं माणसं चढत्यात तिथंच येतंय की ओ.’ बरोबर होतं. ग्रीनचं पाणी कधी एका बाजूला आणि तेही येण्याजाण्याच्या वाटेवर सोडू नये, दोन-तीन दिशांना वाटून द्यावं. तो उंचवटा आम्ही पाडला.

आता गवत. उष्ण प्रदेशातल्या गोल्फचं मुख्य गवत ज्याला बर्म्युडा म्हणतात, ते म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा तीच. ज्या हरळीने आमच्या आजोबांच्या पिढीची कंबर मोडली, जी खणून काढायला पूर्वी खास नांगरट करावी लागे, तिच्यावर जगभरच्या उष्ण भागांतल्या ग्रीनचा कारभार चालतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने आपल्या हरळीच्या आफ्रिकेतल्या बारीक पानाच्या हरळीशी झालेल्या संकरातून टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ असे वाण काढले, १९५६ ते १९६५ च्या दरम्यान. यांना बी धरत नाही. उसासारखी कांडी लावावी लागते. ग्रीनवर हे गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलं जातं, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवावीत तेवढं. त्यावर अधूनमधून वाळूचा हलका हात द्यायचा. ही पद्धत ओल्ड टॉम मॉरिसची. एकोणिसाव्या शतकातला हा स्कॉटलंडचा ग्रीनकीपर, म्हणजे कोर्सचं गवत सांभाळणारा. हातगाडीतली वाळू चुकून ग्रीनवर सांडली आणि तिथलं गवत जोमाने आलं, तेव्हा त्याला ही युक्ती कळली, अशी गोष्ट सांगतात. पाणी खारवट असेल, सोलापुरात बोअरचं बहुतेक ठिकाणी असतं, तर समुद्रकाठचं पास्पालम गवत घ्यावं लागतं. ते क्षार सोसतं.

हरळी असो की पास्पालम, पाणी लागतंच, आणि तुमच्या प्रश्नातल्या ‘कोरडवाहू’ या शब्दाला इथे सरळ भिडावं लागेल.

हिशेब करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर, एक टँकर. एप्रिल-मेमध्ये हिरवळीला रोज पाच मिलिमीटर तरी धरा. नेहमीच्या पद्धतीने अठरा होलची २५ हेक्टर हिरवळ केली तर रोजचे १२५ टँकर, साडेबारा लाख लिटर. शहरात माणशी १३५ लिटरचा सरकारी निकष लावला तर नऊ हजारांहून जास्त माणसांचं पाणी. ज्या शहरात पाऊस कमी पडतो आणि नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे उजनीच्या पाण्यावर अशी हिरवळ करणं मला चूक वाटतं. अशी दोन कामं मी नाकारली आहेत.

पण म्हणून इथे कोर्स होऊच नये असं मी मानत नाही. नऊ होल करा. हिरवळ फक्त टी, फटका पडतो ते पट्टे आणि ग्रीन एवढ्यावर आठ हेक्टरांत आवरा. बाकी सगळं रान पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांना सोडा. श्रावणात ते कमरेएवढं हिरवं, दिवाळीनंतर सोनेरी. रोजचे चार लाख लिटर लागतील, तेही सांडपाणी शुद्ध करून, आणि तळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्याची जोड देऊन. उन्हाळ्यात फेअरवे तांबूस झाला तर होऊ द्या. स्कॉटलंडमध्येही कोरड्या वर्षी तो तपकिरी होतो, चेंडू टणटणत लांब जातो आणि खेळ उलट रंगतो. आपल्या लष्करी छावण्यांमधून पूर्वी ग्रीनच नसत, तेल शिंपडलेल्या वाळूची गोल चकती असे, तिला ब्राउन म्हणत. मी स्वतः खेळायला शिकलो ते ब्राउनवरच. पट केल्यावर, म्हणजे चेंडू भोकाकडे हलकेच ढकलल्यावर, पुढच्यासाठी झाडूने वाळू सारखी करायची.

जागा कुठली, हा त्याहून मोठा प्रश्न. मी वर म्हटलं की स्कॉटलंडचं लिंक्स आणि आपला माळ सारखे. त्यामुळे कुणालाही वाटेल की नान्नजच्या बाजूचा माळ या कामाला उत्तम. जमिनीच्या अंगाने बघितलं तर आहेच. उतार सुरेख, मुरूम वर, पाणी थांबत नाही. पण तो माळ रिकामा नाही. १९७९ मध्ये माळढोकसाठी ते अभयारण्य झालं, तिथे काळवीट आहेत, लांडगे आहेत, चंडोल आहेत. सात-बाऱ्यावर ‘पडीक’ लिहिलं म्हणून जमीन पडीक होत नाही. माळाला कुणी हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो अभयारण्याच्या आत असो की बाहेर. त्याऐवजी मला खाण द्या. मुरमाच्या, दगडाच्या सोडून दिलेल्या खाणी शहराभोवती पडून आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात चेंबर्स बे हा कोर्स वाळू-खडीच्या जुन्या खाणीत केला, २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१५ मध्ये तिथे यूएस ओपन झाली. खाणीत उंचसखलपणा आयता असतो, मुरूम उघडा असतो, पाणी साठायला जागा असते, आणि आधीच ओरबाडलेल्या जमिनीवर आपण गवत लावतो.

आयुष्य कसं असतं, तर घराबाहेर. वर्षातले सहा-सात महिने साइटवर, बहुतेक कंटेनरमध्ये नाहीतर गावातल्या भाड्याच्या खोलीत. पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि टप्पे पुढे जातात. अर्ध्याहून जास्त कामं कागदावरच राहतात. माझी मुलगी चालायला लागली ते मी फोनवर ऐकलं. पण पहिल्या पावसात आपण आखलेल्या रानातून पाणी ठरल्या वाटेने जाताना बघणं, त्यासाठी मी अजूनही छत्री घेऊन निघतो.

शिक्षणाचं म्हणाल तर फक्त गोल्फ कोर्सचा असा अभ्यासक्रम शोधत बसू नका. अमेरिकेतला नावाजलेला कोर्स आर्किटेक्ट रॉबर्ट ट्रेंट जोन्स (वरचा बॉबी जोन्स नव्हे) याने कॉर्नेल विद्यापीठात शेती, लँडस्केप, जलव्यवस्था असे हवे ते विषय एकत्र करून स्वतःचा अभ्यासक्रम बनवला होता. टॉम डोक हा दुसरा अमेरिकी आर्किटेक्ट शिक्षण संपल्यावर सेंट अँड्र्यूजला जाऊन कॅडी झाला, लोकांच्या बॅगा उचलत त्याने कोर्स समजून घेतला. तुम्ही आर्किटेक्चर संपवा, मग लँडस्केप करा, आणि एक वर्ष एखाद्या कोर्सवर ग्रीनकीपरच्या हाताखाली घालवा. पहाटे पाचला गवत कापायला उभं राहा. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३० च्या दशकापासून चालू आहे. तिथल्या माणसांकडून माती आणि अपधाव, म्हणजे न मुरता वाहून जाणारं पाणी, समजून घ्या. ते ज्ञान पुस्तकातल्या कोर्सच्या नकाशांपेक्षा इथे जास्त कामाला येईल.

आणि सुरुवात या जूनमध्येच करा. घराजवळचं दहा-बारा एकरांचं उताराचं रान निवडा, मालकाला विचारून. वीस खुंट्या, एक पिशवी फक्की आणि वही एवढंच न्या. पहिला मोठा पाऊस पडत असताना तिथे हजर राहा, नंतर नाही. पाणी कुठून धावतं, कुठे संथ होतं, कुठे थांबतं तिथे खुंट्या मारा. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघा कुठे पाय रुततो. चौथ्या दिवशी वाफसा आधी कुठे आला ते फक्कीने आखा. मग त्या रानात एक फावडंही माती न हलवता तीन होल बसवा: एक छोटा, एक मध्यम, एक लांब, आणि प्रत्येकात घाबरणाऱ्यासाठी एक वाट. ते कागद पेन्सिलीतच असू देत, संगणकावर नकोत, आणि खुंट्यांच्या जागा त्यावर दाखवा. गणपतीत मी घरी असतो, घेऊन या.